दुसऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये जुनेच कमिट पुन्हा का दिसतात, आणि ते कायमचे कसे घालवायचे

एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात तुमची पहिली पुल रिक्वेस्ट (‘माझे बदल घ्या’ अशी विनंती) मर्ज होते, म्हणजे ते बदल प्रकल्पात सामील होतात. काही दिवसांनी दुसरं काम हाती घेता, एका फाइलमधल्या दोन ओळी बदलता, नवी पुल रिक्वेस्ट उघडता, आणि पानावर एकाऐवजी चार कमिट (बदलांच्या नोंदी) दिसतात. त्यातले तीन मागच्या वेळचे, कधीच मर्ज झालेले. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, विचारतो, हे जुने बदल इथे कशाला? तुमचा फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमच्या खात्यातली प्रत, ताजा करायला तुम्ही गिटहबवरचं ‘सिंक फोर्क’ बटण दाबता, तर कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीच्या दोन रूपांची टक्कर) येतो, तोही स्वतःच्याच कोडशी. कसंबसं निस्तरता, काम मार्गी लागतं, आणि तिसऱ्या पुल रिक्वेस्टला ये रे माझ्या मागल्या.

ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमाच्या निमित्ताने आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली पहिला बदल पाठवतात. त्यांच्यातले बरेच जण दुसऱ्या बदलाला नेमके इथेच अडतात, आणि ‘आपल्याला गिट जमत नाही’ असं म्हणून सोडून देतात. मला ते फार लागतं, कारण यात त्यांच्या कोडचा काही दोष नसतो. अडचण एकाच ठिकाणी असते आणि ती नीट दुरुस्त होते.

फोर्क डिलीट करून पुन्हा फोर्क करणे हा उपाय बहुतेकांना कोणीतरी सांगितलेला असतो. त्याने त्या दिवसापुरतं भागतं. पण जुन्या फोर्कवरून उघडलेल्या बाकीच्या पुल रिक्वेस्टमध्ये मग काही भर घालता येत नाही, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. तो उपाय करू नका.

(खालच्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या: ‘हेड’ मोठ्या अक्षरांत, बाकी छोट्या.)

असं का होतं

गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे त्याचा हॅश, अक्षरं-आकड्यांची एक लांब खूण. तो फक्त तुम्ही बदललेल्या ओळींवरून ठरत नाही. त्या वेळी सगळ्या फाइली कशा होत्या, आधीचा कमिट कोणता, लेखक कोण, कमिट करणारा कोण, वेळ काय आणि संदेश काय, हे सगळं मिळून तो बनतो. यातलं काहीही बदललं की गिटच्या दृष्टीने तो वेगळाच कमिट.

आता पहिली पुल रिक्वेस्ट आठवा. तुमचे तीन कमिट होते. त्यांना प१, प२, प३ म्हणू. मेंटेनरने ‘स्क्वॅश अँड मर्ज’ केलं. गिटहबवर ही सोय २०१६ पासून आहे आणि इतिहास आटोपशीर राहतो म्हणून अनेक प्रकल्प तीच वापरतात. त्यात तिन्ही कमिटचा एकच नवा कमिट तयार होतो. त्याला स म्हणू. मजकूर तुमचाच, पण हॅश नवा. प्रकल्पाच्या इतिहासात स आहे; प१, प२, प३ तिथे कधी गेलेच नाहीत.

आणि तुमच्या फोर्कच्या मेन ब्रँचवर (मुख्य शाखेवर)? तिथे प१, प२, प३ तसेच बसलेत, कारण पहिलं काम थेट मेनवरच केलं होतं. चित्र असं:

प्रकल्प: क → स → इतरांचे कमिट
तुमची मेन: क → प१ → प२ → प३ → द१

द१ हे नवं काम. दोन्ही रेषा जिथे शेवटच्या एकत्र होत्या तो बिंदू अजूनही क. म्हणून पुल रिक्वेस्ट क नंतरचं तुमचं सगळं दाखवते. गिट चुकत नाहीये. त्याला प१–प३ आणि स यांचं नातं माहीतच नाही.

पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये एकच कमिट असेल तर मात्र रिबेस करताना, म्हणजे आपले कमिट प्रकल्पाच्या ताज्या टोकावर पुन्हा लावताना, गिट तो ओळखू शकतं. हॅश वेगळा असला तरी बदललेल्या ओळी जशाच्या तशा जुळतात, म्हणून ‘आधीच लागू झालेला’ असं सांगून तो कमिट गाळला जातो. तिनाचा एक झाला की ही जुळणी होत नाही. म्हणूनच एकाला हा त्रास होतो आणि शेजारी बसलेल्याला होत नाही, आणि दोघांनाही कळत नाही की का.

आधी खात्री करा

गिट रिमोट -व्ही

इथे दोन नावं दिसायला हवीत: ओरिजिन म्हणजे तुमचा फोर्क, अपस्ट्रीम म्हणजे मूळ प्रकल्प. अपस्ट्रीम नसेल तर ‘गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम’ आणि पुढे मूळ रेपोचा पत्ता देऊन जोडा. मग:

गिट फेच अपस्ट्रीम
गिट लॉग --वनलाइन अपस्ट्रीम/मेन..हेड

दुसऱ्या आज्ञेतून जी यादी येते तीच पुल रिक्वेस्टमध्ये दिसणार आहे. ही सवय लावून घ्या: पुल रिक्वेस्ट उघडण्याआधी ही यादी वाचायची. यादीत जुने कमिट दिसले तर रोग हाच. काही जुन्या प्रकल्पांत मुख्य ब्रँचचं नाव मास्टर असतं (गिटहबवर नव्या रेपोंसाठी मेन हे नाव ऑक्टोबर २०२० पासून आलं), तिथे त्याप्रमाणे बदल करा.

यादीत फक्त तुमचा नवा कमिट आहे, पण बदललेल्या ओळी हजारोंनी आहेत, असं असेल तर प्रश्न वेगळा आहे. बहुतेकदा विंडोजवरच्या ओळ-समाप्तीच्या चिन्हांमुळे, किंवा सेव्ह करताना एडिटरने अख्खी फाइल फॉरमॅट केल्यामुळे असं होतं. मराठी मजकुराच्या फाइलमध्ये आणखी एक कारण सापडतं: डिफमध्ये (बदलांच्या तुलनेत) जुनी आणि नवी ओळ डोळ्यांना अगदी सारखी दिसते. अशा वेळी ‘ऱ’ तपासा. ते अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतं, तसंच र आणि नुक्ता असं दोन संकेतांकांनीही. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून लिहितात. प्रकल्पात आधी जे रूप वापरलं असेल तेच ठेवा.

दुरुस्ती

सुरुवातीला दोन गोष्टी. अर्धवट काम कमिट करून टाका, आणि आहे त्या जागेवर एक खूण ठेवा:

गिट ब्रँच बॅकअप

ही खूण असली की पुढे काहीही बिघडलं तरी परत येता येतं. मग नव्या कामासाठी वेगळी ब्रँच काढा; इथे तिचं नाव डेट-फिक्स ठेवू. आत्ता तुम्ही मेनवरच आहात असं धरून:

गिट स्विच -सी डेट-फिक्स

(‘स्विच’ ही आज्ञा गिटच्या २.२३ या २०१९ च्या आवृत्तीपासून आहे. जुनं गिट असेल तर ‘चेकआउट -बी’.) आता मुख्य पायरी:

गिट रिबेस --ऑन्टो अपस्ट्रीम/मेन प३ डेट-फिक्स

प३ च्या जागी त्या कमिटचा खरा हॅश द्यायचा, पहिले सात-आठ वर्ण पुरतात. या आज्ञेचा अर्थ: डेट-फिक्समधले प३ च्या नंतरचे कमिट उचल आणि अपस्ट्रीम/मेनच्या टोकावर नेऊन ठेव. प३ स्वतः उचलला जात नाही, ‘त्याच्या नंतरचे’ हे लक्षात ठेवा. साध्या रिबेसमध्ये आणि यात फरक इतकाच की इथे कुठून पुढचं घ्यायचं ते तुम्ही सांगता. गिटच्या अंदाजावर सोडत नाही. या दुखण्यावरचं हेच खरं औषध आहे, आणि नवख्यांना ते सहसा कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

पुन्हा ती यादी पाहा. आता एकच कमिट दिसेल, द१. पुश करा, म्हणजे तुमच्या फोर्कवर पाठवा:

गिट पुश -यू ओरिजिन डेट-फिक्स

नवे कमिट एक-दोनच असतील तर चेरी-पिकही (निवडक कमिट उचलून दुसरीकडे लावणं) चालतं: अपस्ट्रीम/मेनवरून नवी ब्रँच काढायची आणि ‘गिट चेरी-पिक’ला द१ चा हॅश द्यायचा.

मात्र मधल्या काळात तुम्ही अपस्ट्रीम चार-पाचदा मर्ज केलं असेल, तर --ऑन्टोच्या वाटेला जाऊ नका. प३ नंतरच्या कमिटमध्ये इतरांचेही कमिट मिसळलेले असतात आणि तेही उचलले जातात. तिथे याने काम सोपं होतं:

गिट मर्ज अपस्ट्रीम/मेन
गिट स्विच -सी डेट-फिक्स-२ अपस्ट्रीम/मेन
गिट मर्ज --स्क्वॅश डेट-फिक्स
गिट कमिट

पहिली ओळ जुन्या ब्रँचवर असतानाच चालवायची, म्हणजे कॉन्फ्लिक्ट काय असेल तो तिथेच एकदा मिटतो. मग नव्या ब्रँचवर तुमच्या बदलांचं निव्वळ सार एका कमिटमध्ये येतं. मधला इतिहास जातो, पण तो तसाही कोणाच्या कामाचा नव्हता.

अशा मर्जमुळे एक चकवाही होतो. अपस्ट्रीम मर्ज केल्यावर पुल रिक्वेस्टमध्ये ‘बदललेल्या फाइली’ बरोबर दिसतात, फक्त तुमच्याच ओळी; पण ‘कमिट’च्या यादीत जुने सगळे तसेच. कारण फाइलींमधला फरक शेवटच्या समान बिंदूपासून मोजला जातो आणि मर्जमुळे तो बिंदू पुढे सरकलेला असतो. यादी मात्र अपस्ट्रीममध्ये नसलेला प्रत्येक कमिट दाखवते. प्रकल्प स्क्वॅश करूनच मर्ज करत असेल तर हे निरुपद्रवी आहे. मेंटेनरला तसं नम्रपणे विचारा; पुष्कळदा उत्तर येतं, ‘राहू द्या, मर्ज करताना एकच होईल.’ प्रत्येक कमिटवर साइन-ऑफ (संदेशातली लेखकाच्या सहीची ओळ) तपासणारा प्रकल्प असेल, तर जुन्या कमिटमुळे तपासणी अडू शकते. तिथे स्वच्छ करावंच लागतं.

स्वतःच्याच कोडशी कॉन्फ्लिक्ट

साधा रिबेस केला की हा अनुभव येतो आणि माणूस गांगरतो. उदाहरण घेऊ. रीडमी फाइलमध्ये ओळ होती, ‘पायथन ३.८ लागेल’. प१ मध्ये तुम्ही ती ३.९ केली. परीक्षणात मेंटेनरने सुचवलं म्हणून प३ मध्ये ३.१० केली. स मध्ये थेट ३.१० आलं. आता रिबेस प१ पासून एकेक कमिट पुन्हा लावायला घेतो आणि पहिल्याच पायरीला अडतो:

<<<<<<< हेड
पायथन ३.१० लागेल
=======
पायथन ३.९ लागेल
>>>>>>> प१

वरची ओळ प्रकल्पातली, म्हणजे तुमचीच अंतिम ओळ. खालची तुमचीच, पण जुनी. घाईत खालची ठेवली तर मर्ज झालेलं काम मागे जातं, आणि हा अपघात खरोखर होतो. भर म्हणजे रिबेसमध्ये ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ यांचे अर्थ मर्जच्या उलट असतात: अवर्स म्हणजे ज्यावर आपण कमिट ठेवतोय ते, म्हणजे अपस्ट्रीम, देअर्स म्हणजे तुमचा स्वतःचा कमिट. एडिटरमधल्या बटणांवर विश्वास ठेवण्याआधी ओळी वाचा.

कॉन्फ्लिक्टमध्ये प१, प२ अशी नावं दिसली, म्हणजे मर्ज झालेलेच कमिट पुन्हा लावले जातायत. तिथे एकही ओळ न सोडवता थांबा:

गिट रिबेस --अबॉर्ट

आणि वरच्या --ऑन्टोच्या पद्धतीने जा. कॉन्फ्लिक्ट द१ चा असेल तर तो खरा आहे. कोणीतरी मधल्या काळात तीच ओळ बदलली आहे. तो शांतपणे सोडवा. त्यासाठी ही मांडणी (सेटिंग) लावून ठेवा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३

याने कॉन्फ्लिक्टमध्ये दोन्ही बाजूंसोबत मूळ ओळही दिसते, आणि कोणी काय बदललं ते लगेच उमगतं. ही सोय गिट २.३५ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत नुसतं डिफ३ द्या. परीक्षण लांबलं आणि तोच कॉन्फ्लिक्ट दर रिबेसला सोडवावा लागत असेल, तर ‘रीरीरी.एनेबल्ड’ ही मांडणी ट्रू करा. तुम्ही एकदा दिलेलं उत्तर गिट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी स्वतः लावतं. उत्तर चुकीचं दिलं असेल तर ‘गिट रीरीरी फर्गेट’ला फाइलचं नाव देऊन ते पुसता येतं.

मराठी अनुवादाच्या पीओ फाइलींबद्दल (मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या) वेगळं सांगायला हवं, कारण आपल्यातले कितीतरी जण तिथून सुरुवात करतात. या फाइलींत प्रत्येक वाक्याच्या वर ते कोडमध्ये कुठे आहे त्याची फाइल आणि ओळ क्रमांक लिहिलेला असतो. कोडमध्ये वर एक ओळ वाढली की खालचे सगळे क्रमांक सरकतात, आणि अनुवादाला कोणी हात लावला नसतानाही शेकडो ठिकाणी कॉन्फ्लिक्ट येतो. ते हाताने सोडवत बसू नका. अपस्ट्रीमची ताजी फाइल जशीच्या तशी घ्या आणि तुमची फाइल ‘एमएसजीमर्ज’ला (पीओ फाइली जुळवणाऱ्या आज्ञेला) --कम्पेंडियम म्हणून द्या, रिकाम्या जागी तुमचे अनुवाद तो भरतो. भरलेलं एकदा वाचून घ्या. आणि त्याही आधी प्रकल्पात अनुवाद कसा घेतात ते विचारा. लिब्रेऑफिससारख्या मोठ्या प्रकल्पांत अनुवाद वेबलेट या अनुवादाच्या वेबसाइटवर होतो, तिथे पुल रिक्वेस्टची गरजच नसते.

पुश नाकारलं गेलं तर

रिबेसनंतर आधीच पुश केलेली ब्रँच पुन्हा पुश केली की गिट नाकारतं आणि ‘आधी पुल करा’ असं सुचवतं. इथे पुल करू नका. केलंत तर जुने कमिट पुन्हा आत येतील आणि सगळी मेहनत वाया. जबरीने पुश करायचं, पण असं:

गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन डेट-फिक्स

नुसत्या फोर्सपेक्षा हे सुरक्षित, कारण तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर त्या ब्रँचवर दुसऱ्या कोणी (पुष्कळदा मेंटेनरच) कमिट टाकला असेल तर पुश थांबतं. एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर हे संरक्षण कमी होतं. मग जोडीला --फोर्स-इफ-इन्क्लूड्स लावा.

परीक्षण चालू असताना मात्र उगाच रिबेस करू नका. जबरीच्या पुशनंतर परीक्षकाच्या टिपा जुन्या ठरून बाजूला पडतात आणि आधी पाहिल्यापासून काय बदललं हे त्याला कळेनासं होतं. तो माणूस बहुधा स्वतःच्या वेळात, बिनपगारी तुमचं वाचतोय.

काही हरवलं असं वाटलं तर ‘गिट रिफ्लॉग’ पाहा. कोणत्याही ब्रँचमध्ये न उरलेल्या कमिटच्या नोंदीही तिथे नेहमीच्या मांडणीत ३० दिवस राहतात. एकदा कमिट केलेलं काम इतक्या सहजी जात नाही.

मेन पूर्ववत करणं

नवी ब्रँच स्वच्छ झाली, तरी मेनवर प१, प२, प३, द१ अजून आहेत. ते काढले नाहीत तर पुढच्या वेळी पुन्हा हेच.

गिट स्विच मेन
गिट रिसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन
गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन मेन

हे करण्याआधी एक तपासा: तुमच्या मेनवरून उघडलेली एखादी पुल रिक्वेस्ट अजून चालू आहे का? असेल तर थांबा. मेन अपस्ट्रीमशी जुळवली की त्या पुल रिक्वेस्टमध्ये दाखवायला काही उरत नाही आणि ती बंद होते. पुल रिक्वेस्ट कोणत्या ब्रँचमध्ये मर्ज व्हायची ते नंतर बदलता येतं, पण कोणत्या ब्रँचवरून निघाली ते बदलता येत नाही. अशा वेळी वेगळी ब्रँच पुश न करता स्वच्छ केलेलं काम मेनवरच पाठवा:

गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन डेट-फिक्स:मेन

पुल रिक्वेस्ट तीच राहते, चर्चा तीच राहते, कमिट फक्त नवे दिसतात. ती मर्ज झाल्यावर मग मेन रिसेट करा.

‘सिंक फोर्क’च्या बटणामागे ‘डिस्कार्ड कमिट्स’ असा पर्याय येतो, तोही तुमच्या फोर्कवर हेच करतो. वेगळी ब्रँच काढलेली नसताना तो दाबू नका.

पुढे पुन्हा होऊ नये म्हणून

मेनवर स्वतःचा एकही कमिट करायचा नाही. ती फक्त प्रकल्पाची प्रत. हा नियम लक्षात ठेवण्यापेक्षा गिटलाच सांगून ठेवा:

गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू=अपस्ट्रीम/मेन मेन
गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन
गिट कॉन्फिग पुल.एफएफ ओन्ली

आता मेनवर ‘गिट पुल’ केलं की ताजं प्रकल्पातून येतं, आणि पुश मात्र तुमच्या फोर्कवर जातं. तिसऱ्या ओळीमुळे, चुकून मेनवर कमिट झाला असेल आणि प्रकल्प पुढे गेला असेल, तर पुल तिथेच नाकारलं जातं. गुपचूप मर्ज होत नाही. तो नकार आला की वरची यादी पाहायची, म्हणजे घुसलेला कमिट लगेच सापडतो.

नवं काम नेहमी असं सुरू करा:

गिट फेच अपस्ट्रीम
गिट स्विच -सी नवं-नाव --नो-ट्रॅक अपस्ट्रीम/मेन

एका कामाला एक ब्रँच. दुसरं काम पहिल्यावर अवलंबून असेल आणि पहिलं अजून मर्ज व्हायचं असेल, तर दुसरी ब्रँच पहिलीवरून काढावीच लागते. तसं पुल रिक्वेस्टच्या वर्णनात स्पष्ट लिहा, आणि पहिली मर्ज झाल्याबरोबर दुसरीला --ऑन्टो करा. प३ च्या जागी पहिल्या ब्रँचचं नाव दिलं तरी चालतं. म्हणून तोवर पहिली ब्रँच पुसू नका.

नंतर ती पुसताना ‘गिट ब्रँच -डी’ कदाचित म्हणेल की ही पूर्ण मर्ज झालेली नाही. कारण तेच, स्क्वॅशमुळे गिटला तुमचे मूळ कमिट प्रकल्पात सापडत नाहीत. पुल रिक्वेस्टच्या पानावर ‘मर्ज्ड’ दिसतंय याची खात्री करा आणि मोठ्या अक्षरातला डी वापरून पुसून टाका.